भजनाचे श्रेय आणि भजनाचे दायित्व

तिवसा तालुका वेगळा होण्यापूर्वी मोझरी हे गाव चांदूर रेल्वे तालुक्यात मोडत असे. यावलीत 1909 साली जन्मलेले आणि वरखेडच्या आडकोजी महाराजांचे शिष्य असलेले तुकडोजी महाराज यांनी 1935 मध्ये याच मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. पुढच्याच वर्षी गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले आणि ते महिनाभर तिथे राहिले. हाच माणूस 'छोडो भारत' आंदोलनाच्या धामधुमीत 28 ऑगस्ट 1942 रोजी चंद्रपुरात पकडला गेला. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात सुमारे शंभर दिवस काढून तो 2 डिसेंबरला सुटला. त्याच्याजवळ ना बंदूक होती ना कुठल्या गुप्त मंडळाची सूत्रे. होती ती खंजिरी आणि भजने. तरीही सरकारला त्याला बाहेर ठेवणे परवडेना, याचे कारण अटकेच्या बारा दिवस आधी, 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी चिमूर आणि आष्टीत घडलेल्या घटनांत आहे.

चिमूरला त्या दिवशी प्रभातफेरी निघाली, गोळीबार झाला आणि बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा मेला. त्यानंतर लोक बिथरले आणि काही सरकारी अधिकारी जमावाच्या हातून मारले गेले. मोझरीहून वर्धा नदीच्या पलीकडे असलेल्या आष्टीला लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेले. तिथेही गोळ्या सुटल्या आणि सहा जण पडले. जमावाने ठाण्याचे फौजदार रामनाथ मिश्रा यांच्यासह पोलिसांना ठार केले. पुढे चिमुरात लष्कराने केलेल्या अत्याचारांची, विशेषतः स्त्रियांवरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या भन्साळींनी 63 दिवस उपोषण केले. ज्यांना फाशी सुनावली गेली, त्यांच्यासाठी अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले आणि अखेर सात जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. या सगळ्या भागात महाराजांची भजने लोकांच्या तोंडी होती. झाडाझुडपांची शस्त्रे होतील, दगडांचे बॉम्ब होतील, अशा आशयाचे त्यांचे एक भजन तर चिमूरच्या आठवणींतून वेगळेच काढता येत नाही.

इथून खरा प्रश्न सुरू होतो. लोकांना निर्भय करणाऱ्या संताने त्या निर्भयतेतून सांडलेल्या रक्ताचे काही देणे लागते का? आपण याचे उत्तर सोयीने देतो. ठाण्यावर झेंडा लावण्याची हिंमत महाराजांच्या भजनाने दिली, असे आपण कौतुकाने सांगतो, आणि फौजदार मारला गेला तो मात्र जमावाच्या क्षणिक संतापाने, असे म्हणून पुढे जातो. इंग्रज सरकारचा तर्क याच्या उलट होता. रक्ताचा दोष भजनावर टाकायचा आणि लोकांच्या हिमतीला कुणाची तरी चिथावणी ठरवायची. हे दोन्ही हिशेब कच्चे आहेत, कारण दोघांनीही एकाच शब्दाचा एक परिणाम जमेला धरून दुसरा खोडून टाकला आहे. श्रेय घ्यायचे असेल तर दायित्वही घ्यावे लागेल.

यावर पहिला आक्षेप असा की गोळी आधी सरकारने झाडली, मग भजनाला जाब कसला? क्रम खरा आहे आणि त्याचे महत्त्व कमी करू नये. हिंसेची पहिली जबाबदारी निःशस्त्र मिरवणुकीवर गोळी झाडणाऱ्याचीच. पण गोळीनंतर पळायचे की उलटायचे, हा निर्णय लोकांनी घेतला. तो त्यांचा होता. भजनाने त्यांना बाहुल्यांसारखे नाचवले असे म्हटले तर आष्टीच्या हुतात्म्यांचे मोलच उरत नाही. मात्र माणूस स्वतः निर्णय घेतो म्हणून त्याला बळ देणारा मोकळा सुटतो, असेही नाही. दोघांच्या जबाबदाऱ्या एकमेकींना खोडत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. दगडांचे बॉम्ब हे रूपक आहे, भक्तीची भाषा अशीच बोलते, असे म्हणतात. एकट्याने वाचायच्या कवितेला हे लागू पडेल. भजनाचा व्यवहार निराळा आहे. बुवा एक ओळ म्हणतो, मंडळी ती उचलते, पुन्हा म्हणते, टाळी चढत जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी ती ओळ बुवाची राहत नाही. महाराजांसारख्या निष्णात खंजिरीवादकाला ही चढण ठाऊक नसेल, हे संभवत नाही. सभेतला पुढारी टाळ्या मिळवतो, भजनकरी श्रोत्यांच्या तोंडातून स्वतःचे वाक्य वदवून घेतो. म्हणून त्याची बांधिलकीही अधिक. (आजच्या कीर्तनकारांनी हे लक्षात ठेवले तर बरे.)

संताने राजकारणात पडूच नये, हा तिसरा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही. गुलामीतल्या गावात नुसते नाम घेत बसणे हीदेखील एक बाजू घेणेच होते.

मग दायित्व निभावायचे कसे? 1922 साली चौरीचौऱ्यात पोलीस जाळले गेले तेव्हा गांधीजींनी आंदोलनच थांबवले. जर्मनीत 1525 च्या शेतकरी बंडाने मार्टिन ल्यूथरच्या शिकवणुकीतून बळ घेतले, पण ल्यूथरने राजांना ते बंड निर्दयपणे ठेचायला सांगितले आणि आपले हात झटकले. तुकडोजी महाराज यांपैकी कुठल्याच वाटेने गेले नाहीत. आंदोलन थांबवणे त्यांच्या हातात नव्हते आणि चिमूरच्या लोकांकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. सुटल्यावर त्यांनी श्रीगुरुदेव सेवा मंडळांचे जाळे विणले, सामुदायिक प्रार्थनेला गावाची सवय केली, आणि 1955 मध्ये 41 अध्यायांची, 4675 ओव्यांची ग्रामगीता पूर्ण केली. एका दिवशी उसळलेल्या शक्तीला रोजच्या गावकामात गुंतवण्याचा हा प्रयत्न होता. ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण ही कामे ठाणे जिंकण्याइतकी रोमांचक नाहीत, पण त्यांना एका दुपारच्या धाडसापेक्षा जास्त चिकाटी लागते. ग्रामगीतेला मी 1942 चे प्रायश्चित्त म्हणणार नाही, कारण महाराजांना बंडाची लाज वाटल्याचे दिसत नाही. जागवलेल्या माणसांचे पुढे काय, या प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे, आणि माझ्या मते 1942 च्या भजनांपेक्षा ते मोठे आहे.

चांदूर, तिवसा, आष्टी या पट्ट्यात दरवर्षी ऑगस्टमध्ये हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. ती देताना बालाजी रायपूरकरच्या नावाबरोबर रामनाथ मिश्रांचे नावही शाळेतल्या मुलांना सांगावे. दोघेही एकाच दिवशी मेले, आणि दोघांची नावे ऐकल्याशिवाय महाराजांनी पुढे ग्रामगीता का लिहिली हे मुलांना कळणार नाही.