मूळचा ट्रक

जुना मालट्रक विक्रीस निघाला म्हणजे त्याच्या गुणवर्णनात पहिले विशेषण येते ते ‘मूळचा’. इंजिन मूळचे, चेसिस मूळची, कागदपत्रे मूळची. आणि घेणारा, मग तो हौशी संग्राहक असो की कारखान्याच्या दर्शनी भागात शोभेची वस्तू मांडू पाहणारा चाकणचा उद्योजक असो, याच एका गोष्टीची खातरजमा करण्यासाठी बॉनेट उघडून तासतासभर वाकून उभा असतो. अवयव बदलत गेले तरी वस्तू तीच राहते काय, आणि राहत असेल तर तिचे एकत्व नेमके कोठे वसते, हा दर्शनशास्त्रातला जुना वाद त्या बॉनेटखाली चालू असतो, याची जाणीव दोघांपैकी कोणासही नसते. किंबहुना ती नसते म्हणूनच सौदा पार पडतो.

मोशीच्या बाजूला एका गॅरेजच्या आवारात असा एक टाटा-मर्सिडीज-बेंझ विक्रीस उभा असलेला मी पाहिला. जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून टाटांच्या टेल्कोने १९५४ साली जमशेदपुरात हे ट्रक काढण्यास प्रारंभ केला. १९६९ साली मुदत संपली आणि पुढच्या ट्रकांच्या नाकावरून ती तीन पायांची तारका गेली. या ट्रकाच्या तारकेचा एक पाय तुटून पितळेने जोडलेला होता. इंजिनाचे बोअरिंग होऊन स्लीव्ह बसलेले, गिअरबॉक्स पुढच्या काळातल्या टाटाचा, कमानीचे निम्मे पाटे भोसरीत घडवलेले. केबिन आणि हौदा तर कारखान्यातून आलेच नव्हते, कारण त्या काळी, आणि पुढेही पुष्कळ वर्षे, कारखान्याबाहेर पडे ती बहुधा इंजिन बसवलेली उघडी चेसिस. चालक ती तशीच शेकडो मैल हाकीत आणी आणि मग कुठला तरी सुतार-लोहार तिला अंग देई. जन्मकाळी जे नव्हतेच, तेही आता ‘मूळचे’ म्हणून विकले जात होते.

परिवहन खात्याने या वादाचा निकाल आपल्यापुरता केव्हाच लावून टाकला आहे. लोखंडी दांड्यावर ठोकलेल्या क्रमांकावर कागद धरून वरून पेन्सिल घासावयाची, उमटलेले आकडे आरसी बुकाशी ताडून पाहावयाचे, आणि ते जुळले की बाकी सर्व काही बदललेले असले तरी वाहन तेच. देह बदलला तरी आत्मा अविकारी, हे मत इतक्या नि:शंकपणे आचरणात आणणारे दुसरे सरकारी दफ्तर माझ्या पाहण्यात नाही. याउलट न्याय-वैशेषिकांची रीत कडक. अवयवी (म्हणजे अवयवांनी बनलेली वस्तू) हा अवयवांहून निराळा आणि खरा, असे ते मानतात खरे. पण पटातून एक तंतू निघाला की पहिला पट नष्ट होऊन दुसरा, खंडपट, उत्पन्न होतो, असेही त्यांना कबूल करावे लागते. त्यांच्या हाती नोंदणी असती तर पाट्यागणिक नवे आरसी बुक काढावे लागले असते.

मला या प्रसंगी आठवतो तो नागसेन. ‘मिलिंदपञ्हा’तील ग्रीक राजा मिलिंद रथात बसून आला असता भिक्षू त्याला विचारतो की दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, आणि राजास कबूल करावे लागते की या सर्वांच्या जुळणीस दिलेले ते केवळ एक व्यवहाराचे नाव आहे. एवढाच भाग लोक सांगतात व थांबतात. परंतु त्याच ग्रंथात आंब्याच्या चोराचा दृष्टान्त आहे, आणि माझ्या मते खरा जीव तेथे आहे: मी नेले ते आंबे मालकाने पेरलेले नव्हेतच, असे म्हणून चोराची सुटका होत नाही, कारण नेलेले फळ पेरलेल्या कोयीतूनच आलेले असते. वस्तूत कायम राहणारे सत्त्व नसले तरी जबाबदारीचा धागा तुटत नाही. हा विचार या परिसरालाही परका नाही: पिंपरीपासून थोड्याच अंतरावर देहूरोडला डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, म्हणजे जमशेदपुरातून पहिले ट्रक निघाले त्याच वर्षी. आणि ज्यांना जन्माचा दाखला मागून शतकानुशतके दाराबाहेर ठेवले गेले, त्यांना मूळ सत्त्व नाकारणारा हा विचार का जवळचा वाटावा, हे निराळे सांगावयास नको.

मूळ कोठे वसते, या प्रश्नाला याच परिसराने दुसरेही उत्तर देऊन पाहिले आहे. गणेशभक्त मोरया गोसावींना लाभलेला गणपतीचा अंश त्यांच्या वंशात सात पिढ्या उतरतो, या श्रद्धेने त्यांच्या चिंचवडच्या देव घराण्याला मान मिळे, इनामे मिळत. एडवर्ड मूर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने या वंशपरंपरेच्या जिवंत देवतेची हकिकत १८०१ साली ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापली, तीत कुतूहलही आहे आणि थोडी थट्टाही. मला थट्टा करवत नाही. मोरयांची तपश्चर्या त्यांची स्वत:ची होती. मात्र पुढे तिचा अंश रक्तावाटे आणि सनदांवाटे उतरू लागला, तेव्हा कर्माची जागा जन्माने घेतली.

जुन्या वाहनांच्या बाजारात ‘मूळचे’ या गुणाची जी पूजा चालते, ती मला याच जातीची वाटते. तीत जन्मदिवसाला किंमत आहे, आयुष्याला नाही. घाट चढताना तुटलेल्या पाट्याच्या जागी भोसरीच्या भट्टीत रात्री तापवून ठोकलेला पाटा हा दोष गणला जातो, आणि परदेशातून मागवलेला, या ट्रकाने कधीच न पाहिलेला सुटा भाग चढवला की तो ‘मूळ स्वरूपात’ आला असे म्हणतात. कोणी म्हणेल, मग फसवणूक कशाला म्हणावयाचे? फसवणूक बदलण्यात नाही, लपविण्यात आहे. विकणारा काय काय बदलले याचा तपशील देत असेल तर तो आंब्याचा चोर नव्हे.

कायद्याचाही ओढा जन्माकडेच आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांना ‘विंटेज’ म्हणून निराळी नोंदणी दिली, पण ती दुचाकींना आणि मोटारींना. चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा, आणि धंद्यासाठी वाहन वापरू नये, या अटी. ओझे वाहणे हाच ज्याचा स्वधर्म, त्याला या यादीत जागा नाही. दसऱ्याला झेंडूची माळ घालून बॉनेटवर कुंकू लावणारा चालक मात्र कोणता भाग कोठला हे विचारीत नाही. वर्षभर ज्याने पोसले त्याला तो हात जोडतो.

त्या गॅरेजवाल्याकडे पूर्वीच्या मालकाची एक वही होती: कोणत्या साली कोठे काय बदलले, मजुरी किती, लेथवर काय उतरवले, कुदळवाडीच्या भंगारातून कोणता भाग आणला. (तेथली भंगाराची गोदामे महापालिकेने २०२५ च्या फेब्रुवारीत पाडली.) आलेल्या गिऱ्हाइकाने इंजिन क्रमांक ताडून पाहिला, तारकेचा जोडलेला पाय दाखवून किंमत पाडून मागितली, आणि वहीकडे पाहिलेही नाही. गॅरेजवाला ती फुकट द्यावयास तयार होता. मला विचाराल तर हिशेबाला सुरुवात तिच्यापासून व्हावयास हवी होती, आणि तारकेच्या पितळी पायाचे चार पैसे अधिकच लागावयास हवे होते.