दांडे कड्यांतच राहू द्या

महाळुंगे २०२१ साली पुणे महापालिकेत आलं. मुळेकाठच्या या शिवारात आता गुंठ्याच्या भावाशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. नव्या सोसायटीत देवळाचा विषय निघाला, तरी पहिला प्रश्न जागेचाच. पण देवळाला जागा लागतेच का?

इजिप्तमधून सुटलेल्या इस्राएलांनी रानात निवासमंडप उभारला, त्याचा बारीकसारीक तपशील बायबलात आहे. बाभळीच्या ४८ फळ्या, चांदीच्या बैठका, तागाचे पडदे, वर बकरीच्या केसांची कनात. सगळं सुटं होणारं. तळ हलला की मंडपाचे सेवेकरी असलेल्या लेवींच्या घराण्यांनी काय उचलायचं ते ठरलेलं. पडदे गेर्षोनींकडे, फळ्या-खांब मरारींकडे, दोघांनाही बैलगाड्या. पवित्र वस्तू वाहणाऱ्या कहाथींना मात्र गाडी नाही. ते ओझं खांद्यावरच न्यायचं. आणि कराराच्या कोशाचे, म्हणजे त्यांच्या सर्वांत पवित्र पेटीचे, दांडे कड्यांतून कधीच काढायचे नाहीत. मुक्कामातही देव निघायच्या तयारीत! त्या मंडपात सर्वांना प्रवेश नव्हता, हेही खरं. तिथे आपली वारी मला पुढची वाटते.

ज्ञानेश्वर माउलींची समाधी आळंदीतच राहते, पादुका रथातून निघतात. हैबतबाबा आरफळकरांनी लावलेली शिस्त अजून चालते. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले. संध्याकाळी तळावर दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदारांनी चोप उंचावला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. हरवलं-सापडलं पुकारलं जातं. मग आरती. सकाळी तंबू निघतो आणि मैदान पुन्हा गावाचं होतं.

इस्राएलांच्या मंडपाची जागा पुढे यरुशलेमच्या मंदिरानं घेतली; तेही रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडलं. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंजवळ मंडपही नव्हता नि कोशही. शनिवारी तेलाचा घाणा बंद, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. लोक त्यांना शनवारतेली म्हणत. जमिनीचा तुकडा न मागता धर्म टिकतो, याचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही.

महाळुंग्यात टॉवर बांधणारे मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात, काम संपलं की पुढच्या साइटवर जातात. सोसायटीच्या प्लॉटवरच्या देवळात त्यांना कोण विचारणार? म्हणून जागा मागण्याआधी इथल्या रहिवाशांनी एखाद्या संध्याकाळी त्यांच्यासह एकत्र बसावं, कामं वाटून घ्यावीत आणि ज्याची तक्रार असेल त्याचं आरतीआधी ऐकून घ्यावं.