भूतदया : भाव आणि विवेक

देवदर्शन आटोपून मंदिराबाहेर आलेल्या भाविकाचा हात सहजच शिदोरीकडे जातो. महाद्वाराशी गाय उभी असते, पारावर वानरे बसलेली असतात, पुष्करणीच्या पायरीशी मासे गोळा झालेले असतात. मुक्या जिवाच्या मुखी चार घास पडल्याविना यात्रा पुरी झाली, असे अनेकांच्या मनाला वाटत नाही. ही भावना थोर आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतील संस्कारांनी जोपासली गेली आहे. तथापि, या भावनेच्या पोटी एक प्रश्न दडलेला आहे. हा घास कोणासाठी? देणाऱ्याच्या समाधानासाठी, की घेणाऱ्याच्या हितासाठी?

वरवर पाहता या दोहोंत भेद नाही. परंतु महाद्वारातील त्या गाईचाच विचार करावा. यात्रेच्या दिवशी प्रत्येक भाविक तिला एकच पोळी देतो व संतोषाने पुढे जातो. देणाऱ्याच्या दृष्टीने ती एक पोळी असते. गाईच्या पोटात मात्र सायंकाळपर्यंत शंभर पोळ्या साठतात. गाईच्या पोटाचे चार कप्पे असून त्यांची रचना गवत व चारा पचविण्यासाठी आहे. पोळ्या, शिजविलेला भात, गूळ यांचा एकाएकी अतिरेक झाला, तर पोटातील आम्ल वाढते, रवंथ थांबते आणि प्रसंगी जनावर दगावते. पोळ्यांसोबत फेकलेली प्लास्टिकची पिशवी पोटात गेल्यास ती पचत नाही, बहुधा बाहेरही पडत नाही. वर्षानुवर्षे साठून तेथे तिचा गोळा होतो. पुण्याच्या हेतूने दिलेले अन्न असे पीडेचे कारण ठरते.

‘भाव शुद्ध असेल तर दोष कसला?’ असे कोणी म्हणेल. या शंकेचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. देव भावाचा भुकेला आहे, ही भक्तिमार्गाची शिकवण खरीच आहे. तुळशीच्या एका पानाने तो संतुष्ट होतो, कारण त्याला कशाचीही उणीव नाही. प्राण्याचे तसे नाही. त्याला देह आहे, भूक आहे, तहान आहे, व्याधी आहे. देणाऱ्याच्या मनातील भाव त्याला दिसत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो केवळ त्या कृतीचा परिणाम. म्हणून देवापुढे भाव पुरेसा असला, तरी प्राण्यापुढे भावासोबत विवेकही हवा. तापाने फणफणलेले लेकरू हट्टाने मागेल ते आई त्याला देत नाही. तिचे प्रेम त्यामुळे उणे ठरत नाही.

संतचरित्रांतील कथा याच दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. संत एकनाथांनी काशीहून रामेश्वरासाठी नेलेल्या कावडीतील गंगोदक वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवास पाजले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिचे मर्म केवळ त्यागात नाही. नाथांनी त्या गाढवावर तीर्थ म्हणून चार थेंब शिंपडले नाहीत. त्याची तहान भागेल इतके पाणी त्याच्या मुखी घातले. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कारण कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, याची चिंता त्यांना लागली होती. दोन्ही कथांत संतांची दृष्टी स्वतःच्या पुण्याकडे नाही, समोरच्या जिवाच्या गरजेकडे आहे.

याहूनही प्राचीन साक्ष गिरनार येथील अशोकाच्या शिलालेखात आढळते. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील या राजाने मनुष्यांसाठी व पशूंसाठी औषधोपचाराची सोय केल्याचे, जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या लावविल्याचे, आणि रस्त्यांवर दोघांच्याही उपयोगासाठी विहिरी खोदून झाडे लावल्याचे तेथे नमूद आहे. औषध, पाणी आणि सावली या तीन गोष्टींची गरज आजच्या मुक्या जिवांनाही तितकीच आहे.

महाराष्ट्रातील सणांतही हा विवेक आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. जूं वाहून घट्टे पडलेले खांदे शेकून त्यांना हळद व तूप चोळतात. दुसऱ्या दिवशी बैलांच्या मानेवर जूं ठेवीत नाहीत. वर्षभर जो अवयव श्रमला, त्याचीच शुश्रूषा आणि जो श्रमला, त्याला विश्रांती! वसुबारसेस गाय-वासराचे पूजन होते आणि अनेक घरांत त्या दिवशी दूध-दुभते वर्ज्य करतात. वासराचा दुधावरील पहिला हक्क यातून मान्य केला जातो. पूर्वजांनी पूजेला सेवेची अशी जोड दिली होती. पूजा राहिली आणि सेवा विसरली गेली, तर सणाचा गाभाच हरवतो.

नागपंचमीला नेमके हेच घडते. साप हा मांसाहारी प्राणी आहे. दूध हे त्याचे अन्न नव्हे. टोपलीत उपाशी व तहानेला ठेवलेला साप दूध पितो, ते केवळ पाण्याच्या अभावी. ते त्याला पचत नाही व पुढे जिवावर बेतते. सन 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार नागासारख्या सापास विनापरवाना पकडणे, बाळगणे हा गुन्हाही आहे. नागाच्या प्रतिमेचे पूजन करावे आणि शेतातील उंदीर खाऊन धान्य राखणाऱ्या या जिवाला त्याच्या बिळात निर्धास्त राहू द्यावे, हीच खरी नागपूजा होय. घरात साप निघाल्यास त्यास न मारता वनविभागास कळवावे.

वानरांच्या बाबतीतही न देणे हीच दया ठरते. हातातून खाऊ मिळू लागला की ती रानातील फळे-पाने शोधणे सोडतात, रस्त्यावर येऊन वाहनांखाली सापडतात, पिशव्या हिसकावतात, लहान मुलांना चावतात. मग तीच माणसे त्यांना उपद्रवी ठरवून हाकलण्याची मागणी करतात. पुष्करणीत टाकलेले पीठ-पाव माशांच्या खाण्याहून अधिक झाले की कुजतात, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरून मरतात.

मग भाविकांनी करावे तरी काय? करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातील बहुतेक गोष्टींना खर्चही नाही. गाईला द्यायचे तर हिरवा वा सुका चारा द्यावा. कोणतेही खाद्य पिशवीसह टाकू नये. उन्हाळ्यात अंगणात, गच्चीवर पाण्याचे उथळ भांडे ठेवावे व ते रोज धुवावे. गल्लीतील कुत्र्यांना ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अन्न द्यावे, जागा स्वच्छ ठेवावी आणि त्यांची नसबंदी व रेबीज प्रतिबंधक लसीकरण होईल असे पाहावे. यात प्राण्याचे व शेजाऱ्याचे दोघांचेही हित आहे. घरी पाळलेल्या प्राण्यास म्हातारपणी रस्त्यावर सोडू नये. संक्रांतीस नायलॉन मांजा वापरू नये. राष्ट्रीय हरित लवादाने सन 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे. केदारनाथसारख्या दुर्गम क्षेत्री घोड्या-खेचरावर बसणाऱ्याने प्रथम त्याच्या पाठीवर जखम नाही ना, ते लंगडत नाही ना, हे पाहावे आणि चढावर घाई करण्यास मालकास भाग पाडू नये.

दानशूर भाविकांसाठी एक गोष्ट विशेष विचारार्ह आहे. गोदानाचे पुण्य गाय दिल्याने संपत नाही; तिथून ते सुरू होते. दूध आटलेली गाय व श्रम संपलेला बैल पुढील अनेक वर्षे चारा खातात. म्हणून गोशाळेस वा पांजरपोळास देणगी देताना वर्षभराचा चारा, पाण्याची सोय आणि पशुवैद्याची नियमित भेट यांची चौकशी आदराने जरूर करावी. नावाच्या फलकापेक्षा उन्हाळ्यातील चाऱ्याची गंजी त्या जनावरांना अधिक उपयोगी असते.

येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. रानडुकरांनी ज्याचे उभे पीक एका रात्रीत उद्ध्वस्त केले, किंवा बिबट्याने ज्याच्या गोठ्यातील वासरू नेले, त्या शेतकऱ्यास दूर शहरातून दयेचा उपदेश करणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नाही. वन्यजीवांच्या रक्षणाचा लाभ साऱ्या समाजाला होतो, मग त्याची किंमत एकट्या कुणब्याने का मोजावी? त्याला वेळेवर भरपाई मिळावी, शेतीस कुंपण व गोठ्यास भक्कम दार लाभावे, यासाठी साहाय्य करणे हीदेखील भूतदयाच होय. माणसाचे दुःख वगळून केलेली दया अपुरीच राहते.

प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असल्याचे सन 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने भारतीय संविधानात नमूद झाले. त्याच्या कित्येक शतके आधी ज्ञानेश्वर माउलींनी पसायदानात सर्व जीवांच्या परस्पर मैत्रीचे मागणे मागितले. मैत्री या शब्दात उपकाराची भावना नाही. मित्र आपल्या मनास येईल ते देत नाही. मित्राला काय हवे, हे आधी जाणून घेतो.

महाद्वाराशी उभी असलेली ती गाय पुढील यात्रेतही भाविकांना भेटेल. पोळी पुढे करण्यापूर्वी क्षणभर थांबावे, तिच्याकडे पाहावे. ती भुकेली आहे, तहानलेली आहे, आजारी आहे, की तिला केवळ सावली हवी आहे? ज्या भाविकाच्या मनात हा प्रश्न उमटला, त्याचे अर्धे दान तेथेच घडले. उरलेले अर्धे, त्या प्रश्नाचे जे उत्तर येईल तसे वागण्यात आहे.