ज्या सीटवर मी बसणार नाही

पिकअप घ्यायचं ठरल्यापासून शोरूमवाल्याला मी काय काय विचारलं, याची यादी केली तर ती माझीच उलटतपासणी होईल. पासिंग किती? भरल्या गाडीला अ‍ॅव्हरेज काय? हप्ता किती बसतो? ताडपत्री आणि फाळक्याचं वेल्डिंग तुमच्याकडून का? कळंबहून सोयाबीन लातूरला, भाजीपाला सोलापूरला, आणि हंगाम सरला की मिळेल ते भाडं, असा माझा हिशेब. गाडी समोरून धडकली तर आतल्या माणसाचं काय होतं, हे मात्र मी विचारलं नाही.

सुचलं नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. घरची कार घेताना हाच प्रश्न मी सगळ्यात आधी विचारला होता. धडक-चाचणीची चित्रफीत रात्री जागून पाहिली होती. ताशी 64 किलोमीटरने गाडी अडथळ्यावर आदळते, पुतळ्याचं डोकं एअरबॅगमध्ये रुततं, पुढचा खांब वाकतो की तसाच राहतो. पाच ताऱ्यांसाठी वरचे पैसे कुरकुर न करता मोजले. मग आता तोच मी गप्प कसा?

कारमध्ये माझी मुलगी बसते. पिकअप चालवणार आहे गावातला एक पोरगा, महिन्याच्या पगारावर. एवढं साधं उत्तर आहे, आणि ते लिहायला मला बराच वेळ लागला.

मधल्या काळात मी एक पळवाटही शोधली, आणि ती चांगली भक्कम निघाली. आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2023 पासून धडक-चाचणी घेऊन तारे देणारं भारत एनकॅप सुरू झालं. पण ते साडेतीन टनांच्या आतल्या प्रवासी गाड्यांपुरतं, तेही ऐच्छिक. मालवाहू पिकअप त्यात मोडतच नाही. बोलेरो घ्या, योद्धा घ्या, तुलना करायला तारेच नाहीत. म्हणजे विचारायचं तरी काय? सरकारनेच विचारलेलं नाही, तर मी कोण? हे वाक्य मनात इतक्या सहज तयार झालं, की माझाच मला संशय आला.

कारण पिकअपची चाचणी होतच नाही, असं काही नाही. ऑस्ट्रेलियात टोयोटा हायलक्सला 2019 मध्ये पाच तारे मिळाले. तिथल्या कित्येक खाणकंपन्या पाच तारे नसलेली गाडी ताफ्यात घेत नाहीत. त्या कंपन्यांचे मालकही त्या गाडीत बसत नाहीत ना? हायलक्स माझ्या ऐपतीबाहेरची, ते सोडा. पण मालकाने नोकरासाठी तारे मोजायचे असतात, हे मला परक्या देशाकडून कळावं? आणि आपल्याकडेही विचारल्याने फरक पडतोच. 2016 मध्ये ग्लोबल एनकॅपने तपासलेल्या एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे होते. 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले. मधल्या वर्षांत नियम बदलले, चाचण्या झाल्या, आणि माझ्यासारखे बाप शोरूममध्ये तारे विचारू लागले. पिकअपसाठी असं विचारणारं कोण आहे? ज्याचा जीव आत असतो त्याचं नाव कोटेशनवर नसतं.

इथवर आलो, तेव्हा स्वतःवर थोडा खूश झालो होतो. लगेच दुसरी शंका आली. उद्या पिकअपला तारे मिळाले, तरी मी त्यांचं काय करणार? मिस्त्रीशी आधीच बोलून ठेवलंय, मागे दोन पाटे वाढवायचे. दीड टन पासिंगच्या गाडीत अडीच टन बसले पाहिजेत, नाहीतर भाडं परवडत नाही. सगळेच तसं करतात. चाचणीतल्या गाडीत असा माल नसतो. केबिनमध्ये दोघांच्या जागी चौघे कोंबलेले नसतात. आणि तिथला अडथळा निदान ठरलेल्या जागी असतो. इथे गळीत हंगामात रात्री येरमाळ्याच्या पुढे उसाची ट्रॉली उभी असते, मागे दिवा नाही, रेडियम नाही, आणि टिपऱ्या बरोबर काचेच्या उंचीवर. अशा ट्रॉलीसमोर तारे काय करतील?

हौद्याचं तर बोलायलाच नको. नवरात्रात तुळजापूरला, चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीला, लग्नसराईत कुठेही, हौद्यात माणसं असतात. माल वाहायच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत हा कायदा सगळ्यांना पाठ आहे. ऑगस्ट 2025 मध्ये, श्रावणी सोमवारी, खेड तालुक्यात पाईटजवळ कुंडेश्वरला निघालेल्या बायकांचा पिकअप घाटातून खाली गेला. ती बातमी वाचून मी हळहळलो. त्याच आठवड्यात भावकीतल्या एकाने विचारलं, "दादा, गाडी आली की पहिली खेप तुळजापूरची ना, समद्यांना घेऊन?" मी "बघू" म्हणालो. नाही म्हणालो नाही.

मग तारे मागण्याचा मला अधिकार उरतो का? मला वाटतं, उरतो. पण तेवढ्यावर सुटका होत नाही. धडकेत केबिन किती टिकेल हे कंपनीच्या हातात, हौद्यात किती भरायचं हे माझ्या. एक ढिसाळ आहे म्हणून दुसरं माफ होतं, असा सोयीचा हिशेब मी करत होतो.

परवा शोरूमला फोन केला. एअरबॅग कोणत्या मॉडेलला आहे, एबीएस आहे का, मधल्या सीटला पट्टा आहे का, असं विचारलं. पलीकडचा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, पिकअपला हे कुणी विचारत नाही. बघून सांगतो." अजून त्याचा फोन यायचाय. भावकीतल्या त्याला मात्र सांगून टाकलं, की तुळजापूरला सगळे एसटीने जाऊ. तो नाराज आहे. मिस्त्रीला अजून काहीच कळवलेलं नाही, कारण पाटे न वाढवता हप्ता कसा निघेल हे मी तीनदा मांडून पाहिलं आणि दर वेळी आकडा कमीच पडतोय.