अंत्युखियातील पंगत

पेत्र आणि पौल यांच्यात अंत्युखियात जेवणावरून खटका उडाला. येशूला वधस्तंभावर दिल्याला तेव्हा जेमतेम वीस वर्षे होत होती. पेत्र हा गालीलच्या सरोवरावरचा मासेमार, बारा शिष्यांतला अग्रणी. पौल येशूच्या अनुयायांचा एकेकाळी छळ करणारा. बारा जणांत त्याचे नाव नाही. तरीही त्याने पेत्राला सर्वांदेखत सुनावले. ही हकीकत कुणा विरोधकाने लिहून ठेवलेली नाही. पौलानेच गलतीकरांना पाठवलेल्या पत्रात ती सांगितली आहे, आणि मंडळीने ते पत्र जपून पवित्र शास्त्रात घातले. आपल्या दोन थोर प्रेषितांचे भांडण झाकून न ठेवता पुढच्या पिढ्यांच्या हाती देणारा समाज मला फार मोठा वाटतो.

मंडळीचा जन्म पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, यरुशलेमात झाला असे मानतात. पवित्र आत्म्याचे उतरणे, पेत्राचे भाषण, हजारोंचा बाप्तिस्मा. श्रद्धेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण ही माणसे एकत्र येऊन करत काय होती, असे विचारले तर ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातले उत्तर साधे आहे: प्रार्थना करत, शिक्षण ऐकत, घरोघरी भाकर मोडत आणि जवळचे ते वाटून घेत. कुप्र बेटाच्या बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांपुढे ठेवले. देऊळ, पुरोहित, स्वतंत्र धर्मग्रंथ यांपैकी काही या लोकांजवळ नव्हते. ते यहूदी होते, यहूदी मंदिरातच जात होते. त्यांचे वेगळेपण दिसत होते ते जेवणात, आणि म्हणून पहिल्या ठिणग्याही तिथेच पडल्या.

पहिली तक्रार विधवांच्या अन्नाची. यरुशलेमात अरामी बोलणारे स्थानिक यहूदी होते, तसे बाहेरच्या देशांतून येऊन राहिलेले ग्रीकभाषी यहूदीही होते. रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावलले जाते, असे ग्रीकभाषी म्हणू लागले. बारा जणांनी सगळ्यांना बोलावले आणि वाटपाचे काम पाहण्यासाठी सात माणसे निवडायला सांगितले. निवडलेल्यांची नावे नोंदलेली आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक. शेवटचा तर जन्माने यहूदीही नव्हता. अंत्युखियाचा, यहूदी धर्म स्वीकारलेला. ग्रीक नावे पॅलेस्टाइनच्या यहूद्यांतही असत, हे खरे. तरी सातच्या सात नावे ग्रीक असावीत यात मला एक निर्णय दिसतो. ज्यांची तक्रार होती, कोठाराच्या किल्ल्या त्यांच्याच माणसांकडे गेल्या. दोन्ही बाजूंचे निम्मे-निम्मे असा तोडगा काढला नाही, चौकशीही लांबवली नाही. बहुसंख्यांनी अल्पसंख्यांवर भरवसा टाकला. आरंभीच्या मंडळीच्या साऱ्या इतिहासात मला याहून शहाणे काही आढळत नाही.

त्या सातांपैकी स्तेफनाला लवकरच दगडमार करून ठार केले. त्यामागून आलेल्या छळात माणसे पांगली आणि काही अंत्युखियाला पोचली. अलेक्झांड्रियाच्या खालोखाल गणले जाणारे पूर्वेकडचे हे महानगर. सीरियन, ग्रीक, यहूदी, रोमन शिपाई, सगळ्यांची तिथे वर्दळ. इथे प्रथमच यहूदी आणि यहूदी नसलेले मोठ्या संख्येने एका मंडळीत आले, आणि इथेच शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव मिळाले. पेत्र तिथे गेला तेव्हा सर्वांबरोबर जेवत होता. मग यरुशलेमहून, येशूचा भाऊ याकोब याच्याकडून काही माणसे आली. पेत्र हळूहळू मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहूदी शिष्यही सरले. बर्णबासुद्धा. या एका नावापाशी पौलाच्या लिहिण्यात दुखावलेपण जाणवते. पौलाला यरुशलेमच्या शिष्यांपुढे उभे करून त्याची हमी घेतली होती ती बर्णबानेच.

पौलाची बाजू मला पटते. पण याकोबाच्या माणसांना संकुचित ठरवून मोकळे होणे अन्यायाचे आहे. यहूद्यांचे अन्ननियम उच्चनीचतेसाठी नव्हते. साम्राज्यांच्या जात्यात भरडल्या जाणाऱ्या एका लहान जनसमूहाचे ते कवच होते. इसवीसनापूर्वी 167च्या सुमारास राजा चौथा अँटिओकस याने यहूदी आचारांवर बंदी घातली, तेव्हा डुकराचे मांस तोंडाला लावण्यापेक्षा लोकांनी मरण पत्करले होते. त्या राजाची राजधानी हेच अंत्युखिया. ज्या नियमांसाठी आपल्या पूर्वजांनी जीव दिला, ते त्याच शहरात एका जेवणासाठी कसे सोडायचे? पेत्राच्या घशात अडकलेला घास केवळ भित्रेपणाचा नव्हता, असे मला वाटते.

मराठी वाचकाला हे समजायला फार दूर जावे लागत नाही, जरी आपल्याकडे पंगतीच्या मर्यादा जातीच्या उतरंडीवर उभ्या होत्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी लक्ष्मीबाईंचे सोवळे काही काळ टिकून होते. ते कसे सुटले हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त प्रांजळपणे लिहिले आहे. मत बदलले तरी हात ताटाकडे जायला वेळ लागतो.

पौल मात्र वेळ द्यायला तयार नव्हता, कारण त्याला दिसत होते की दोन पंगती झाल्या की दोन मंडळ्या होणार, आणि त्यांतली एक कायमची दुय्यम राहणार. यहूदी नसलेल्यांनी सुंता करून, नियम पाळून आधी लायक व्हावे आणि मग जवळ बसावे, असा त्या वेगळ्या बसण्याचा अर्थ होता. येशू स्वतः जकातदारांच्या घरी जेवला होता. आधी सुधारा मग येतो, असे तो त्यांना म्हणाला नव्हता. पौलाचा सगळा धर्मविचार, कृपा आणि विश्वासाविषयीची त्याची पुढची खोल मांडणी, त्या गलतीकरांच्या पत्रात या जेवणाच्या हकीकतीतूनच उलगडत जाते. तत्त्वज्ञान आधी आणि आचार मागून, असा क्रम इथे नव्हता.

पुढे करिंथच्या मंडळीत वंशाऐवजी पैशाने पंगत फोडली. सधन माणसे लवकर येऊन खाऊन-पिऊन घेत आणि राबून उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला काही उरत नसे. पौलाने 54च्या आसपास त्यांना पत्र लिहून खडसावले: अशा जेवणाला प्रभुभोजन म्हणू नका. आज चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी म्हटले जाणारे शब्द ज्या सर्वांत जुन्या लिखाणात सापडतात, ते हेच पत्र आणि हाच राग.

याच काळात पौल एका कामात वर्षानुवर्षे गुंतला होता: यरुशलेमच्या गरीब शिष्यांसाठी वर्गणी. मकदुनिया, अखया, गलतिया इथल्या, बहुतांशी यहूदी नसलेल्या मंडळ्यांकडून तो पैसे गोळा करत होता. ज्या मंडळीतून आलेल्या माणसांमुळे अंत्युखियाची पंगत मोडली, तिच्याच उपाशी माणसांसाठी. वाद त्याने सोडला नाही आणि माणसेही सोडली नाहीत. मकदुनियाचे लोक स्वतः दारिद्र्यात असून ऐपतीपलीकडे देत होते, हे त्याने मुद्दाम लिहून ठेवले. यरुशलेमात हे दान स्वीकारले जाईल ना, ही धास्ती त्याने रोमकरांच्या पत्रात उघड बोलून दाखवली आहे.

साधारण 57 साली तो ती रक्कम घेऊन यरुशलेमला गेला. मंदिराच्या आतल्या अंगणाच्या कठड्यावर, परकीयाने पुढे आल्यास त्याच्या मरणाला तोच जबाबदार, असा ग्रीक इशारा दगडात कोरलेला होता. तो शिलालेख 1871 मध्ये सापडला. इफिसच्या त्रफिमाला, एका यहूदी नसलेल्या सोबत्याला, पौलाने या कठड्याच्या आत नेले अशी आवई उठली आणि जमाव त्याच्यावर तुटून पडला. रोमी शिपायांनी त्याला सोडवून साखळदंड घातले. तिथून कैसरियात दोन वर्षे कैद, मग जहाजाने रोम. आरोप खोटा होता. पण तो रचणाऱ्यांनी पौलाला नेमके ओळखले होते.