कबुली आणि पश्चात्ताप

केलेला गुन्हा तोंडाने सांगितला, म्हणजे पश्चात्ताप झाला काय? बिली वाइल्डर यांचा १९४४ सालचा 'डबल इन्डेम्निटी' हा अमेरिकन कृष्णधवल चित्रपट पाहताना हा प्रश्न आम्हांला दर वेळी छळतो.

कथा १९३८ सालच्या लॉस एंजेलिसमधील. वॉल्टर नेफ हा विमा कंपनीचा प्रतिनिधी. एका ग्राहकाच्या पत्नीच्या, फिलिसच्या, मोहात तो पडतो. पतीच्या नकळत त्याचा ५०,००० डॉलरचा विमा उतरवला जातो. आगगाडीच्या अपघातात मृत्यू आल्यास रक्कम दुप्पट. दोघे मिळून त्याचा खून करतात आणि प्रेत रुळांवर टाकतात. मग प्रेम कुठले? एकमेकांची भीती तेवढी उरते. अखेर ती नेफवर गोळी झाडते, दुसरी मात्र तिच्याने झाडवत नाही. आपले प्रेम या क्षणीच जागे झाले, असे ती म्हणते. तो विश्वास ठेवत नाही. तिला ठार करतो.

जखमी नेफ रात्री कचेरीत येऊन डिक्टाफोनवर सारी हकीकत बार्टन कीझसाठी सांगतो. खोटे दावे हुडकून काढणारा हा सहकारी. अशाच यंत्रावर नेफने पूर्वी चोरून ऐकलेले असते, की अकरा वर्षांच्या ओळखीवर कीझने त्याची निःशंक हमी दिली आहे. आमच्या मते चित्रपटातील सर्वांत मोठा विश्वासघात हा, फिलिसचा नव्हे.

आरंभीच नेफ बजावतो, की कबुली हा शब्द त्याला आवडत नाही. कीझची चूक तेवढी दुरुस्त करावयाची आहे. यात अनुताप कसला? थोडी फुशारकीच. (प्रायश्चित्तासाठी गुडघे टेकून आपणही कधी कधी नुसता हिशेब वाचून दाखवतो, हे आम्ही का नाकारावे?)

पण त्याच रात्री, फिलिसच्या घराबाहेर, ज्या झाकेटीवर आळ ढकलावयाचा बेत होता त्यालाच नेफने परतवून लावलेले असते. फिलिसच्या सावत्र मुलीला, लोलाला, फोन कर म्हणून हातावर नाणेही ठेवलेले असते. आणि निवेदनाच्या शेवटी तो कीझला विनवतो, की बातमी फुटण्यापूर्वी लोलाला हळुवारपणे सांग, झाकेटीला सांभाळ. येथे प्रथमच तो स्वतःविषयी बोलत नाही. पश्चात्तापाचा अंकुर आम्हांला दिसतो तो येथे, गुन्ह्याच्या वर्णनात नव्हे. अर्थात तो अंकुरच. लगेच हाच मनुष्य सरहद्दीपार पळण्यापुरती सवड मागतो आणि दारातच कोसळतो.

वाइल्डर यांनी नेफच्या देहदंडाचा प्रसंग चित्रित केला होता. तो त्यांनी गाळला. त्याऐवजी कीझ रुग्णवाहिका बोलावतो व त्याच्याजवळ खाली बसतो. चित्रपटभर कीझची चिरूट नेफ पेटवून देत आला. आता नेफच्या ओठांतील सिगारेटसाठी कीझ काडी ओढतो.