आपल्या रक्तातील गुपित कोणाचे?

कुटुंबाकडून वारशात काय मिळाले याचा हिशेब आपल्या समाजात पूर्वापार ठेवला जातो. घर, वाडी, विहीर, आजीचे दागिने यांच्या वाटण्या होतात; त्यांवरून भावाभावांत अबोलाही धरला जातो. परंतु तलाठ्याच्या दप्तरात ज्याची नोंद नसते, असा आणखी एक वारसा प्रत्येक बालक आईवडिलांकडून घेऊन जन्माला येते. त्याच्या प्रत्येक पेशीत लिहिलेली जनुकांची अक्षरे हा तो वारसा होय. ही अक्षरे वाचण्याची विद्या आता प्रयोगशाळेतून निघून रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचली आहे. तिने आपल्यापुढे जे नैतिक प्रश्न उभे केले आहेत, त्यांपैकी एकाचाच विचार आम्ही येथे करणार आहोत. माझ्या रक्तात जे लिहिले आहे, ते केवळ माझे आहे काय?

या विद्येकडे आपण संशयाने पाहण्याचे कारण नाही. तिचा पाया एका मठाच्या बागेत घातला गेला. ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १८६५ साली तेथील अभ्यासमंडळापुढे मांडले आणि आनुवंशिकतेचे नियम जगाला मिळाले. मानवाच्या जनुकसंचातील सुमारे ३ अब्ज अक्षरे वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० साली सुरू झाला व २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. ज्या कामाला तेव्हा तेरा वर्षे लागली, ते आज एका रुग्णापुरते काही तासांत होऊ शकते.

याचा लाभ किती मोठा, हे एका उदाहरणावरून कळेल. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे पाच आठवड्यांचे एक बाळ अखंड रडत होते म्हणून रुग्णालयात दाखल झाले. त्याच्या मेंदूवर परिणाम होऊ लागला होता. त्याचे एक भावंड दहा वर्षांपूर्वी अशाच आजाराने, निदानावाचून, दगावले होते. या वेळी डॉक्टरांनी बाळाचा संपूर्ण जनुकसंच तातडीने वाचला आणि थायमिन या जीवनसत्त्वाच्या वहनातील दुर्मीळ दोष सापडला. उपचार होते थायमिन आणि बायोटिन, म्हणजे साधी जीवनसत्त्वे! बाळ वाचले. २०२१ साली ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. परमेश्वराने दिलेल्या बुद्धीचा याहून सुंदर उपयोग कोणता?

तथापि जनुकांची तपासणी ही इतर तपासण्यांसारखी नाही. क्ष-किरणांचे चित्र ज्याचे काढले, त्याच्याविषयीच बोलते. जनुकांचा अहवाल मात्र एकाच्या नावाने निघाला, तरी त्यात आईवडील, भावंडे आणि मुलेबाळे यांच्याविषयीही मजकूर असतो. शिवाय एका दुखण्याचा शोध घेताना भलत्याच दुखण्याची खूण हाती लागते. म्हणूनच अमेरिकेतील आनुवंशिकी तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली अशा ५६ जनुकांची यादी केली, की ज्यांत दोष आढळल्यास तो, मूळ तपासणी कशासाठीही असो, रुग्णाला कळवावा. पुढच्याच वर्षी, ज्याला ही माहिती नको असेल त्याला ती नाकारण्याची मुभा देण्यात आली. जाणण्याचा हक्क आणि न जाणण्याचा हक्क यांतील ओढाताण तेव्हापासून चालू आहे.

समजा, एका भगिनीला स्तनाचा कर्करोग झाला आणि तपासणीत बीआरसीए नावाच्या जनुकात दोष आढळला. हा दोष असलेल्या स्त्रीला आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव शंभरात साठांहून अधिक असतो. तिच्या प्रत्येक अपत्याकडे, मग तो मुलगा असो वा मुलगी, हा दोष जाण्याची शक्यता निम्मी असते. सख्ख्या बहिणींच्या बाबतीतही बहुधा तसेच. वेळीच कळले तर नियमित तपासणी करता येते, कर्करोग लवकर सापडतो, प्रतिबंधक शस्त्रक्रियेचाही विचार करता येतो. तरीही ही भगिनी गप्प राहते. पुतणीचे लग्न ठरत आहे; घराण्याला बोल लागेल. दुबईतल्या बहिणीला उगाच घोर कशाला? ही कारणे क्षुल्लक म्हणून आपण झिडकारू नयेत. ज्या समाजात सोयरिकीच्या वेळी सात पिढ्यांची दुखणी उकरून काढली जातात, तेथे मौन हा दुर्बळांचा एकमेव आडोसा असतो.

परंतु नीतिशास्त्र आपल्याला पुढचा प्रश्न विचारावयास लावते. सर्व गुपिते सारख्या मोलाची असतात काय? पापनिवेदनातील गुपित अभंग आहे. धर्मगुरू ते प्राण गेला तरी उघड करू शकत नाही, कारण तेथे पश्चात्तापी व्यक्ती परमेश्वराशी बोलत असते. व्यवसायामुळे कळलेल्या गुपितांबाबत मात्र १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाने वेगळा विवेक सांगितला आहे. अशी गुपिते पाळलीच पाहिजेत. अपवाद फक्त अशा प्रसंगाचा, की जेथे मौनामुळे कोणाची तरी अतिशय गंभीर हानी होणार आहे आणि सत्य सांगितल्यावाचून ती टळणार नाही (परिच्छेद २४९१). डॉक्टरला जर हा अपवाद लागू होत असेल, तर सख्ख्या बहिणीला तो अधिकच लागू होतो. ज्या माहितीने बहिणीचा जीव वाचू शकतो, ती माहिती आपल्याकडे ठेव म्हणून आलेली आहे. ठेवीदाराने ठेव गिळंकृत करावयाची नसते.

जेथे उपायच नाही, तेथे काय करावे? हंटिंग्टन हा मेंदूचा आजार साधारणतः मध्यमवयात उद्भवतो. तो पुरता बरा करणारे औषध अद्याप नाही. आईला हा आजार असलेल्या अमेरिकन संशोधक नॅन्सी वेक्सलर यांनी व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या पीडित कुटुंबांत वर्षानुवर्षे काम केले. त्यातून १९९३ साली या आजाराचे जनुक सापडले. ज्या तपासणीसाठी त्या झटल्या, ती स्वतःवर करून घेण्याचे मात्र त्यांनी नाकारले. २०२० साली आपल्यालाही हा आजार असल्याचे त्यांनी जाहीर केले. भविष्याचे ओझे कधी उचलावयाचे, हे ठरविण्याचे त्यांचे स्वातंत्र्य आम्हांला आदरणीय वाटते. स्वतः न जाणण्याचा हक्क माणसाला आहे. दुसऱ्याला जाणू न देण्याचा हक्क मात्र त्यातून निघत नाही.

इंग्लंडमधील एका खटल्याने हा पेच अधिक टोकदार केला. २००९ साली एका पित्याला हंटिंग्टनचे निदान झाले. मुलगी गर्भवती होती. हे कळल्यास ती गर्भपात करील किंवा जिवाचे बरेवाईट करून घेईल, या भीतीने त्याने डॉक्टरांना तिला सांगण्यास मनाई केली. बाळंतपणानंतर ही गोष्ट तिला अपघाताने समजली. पुढे तिच्यातही दोष आढळला. आपल्याला कळले असते तर आपण गर्भपात केला असता, असे म्हणत तिने दाद मागितली. २०२० साली न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. परंतु अशा प्रसंगी रुग्णाची गुप्तता आणि नातलगाचे हित यांचा तोल पाहणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, हेही मान्य केले.

कॅथोलिक वाचकाला हा खटला सोपा नाही. पित्याच्या भीतीमागे एका निष्पाप जिवाचा प्रश्न होता आणि ते बालक जन्मले हे चांगलेच झाले. मग मौन योग्य ठरले काय? आमचे मत असे, की सत्य केव्हा सांगावे याबाबत विवेकाने थांबता येते. बाळंतपण होईपर्यंत थांबणे हे असत्य नव्हे. परंतु थांबणे वेगळे आणि पुरून टाकणे वेगळे. दुसरा सत्याचा दुरुपयोग करील, या शंकेने ते कायमचे दडवण्याचा अधिकार आपण घेतला, तर प्रत्येक घरात थोरांनी धाकट्यांना अंधारात ठेवणे धर्मसंमत ठरेल.

सत्याचा दुरुपयोग होतो, हे मात्र खरे. फ्रेंच डॉक्टर जेरोम लेज्यून यांनी मार्था गोतिए व रेमों तुर्पां या सहकाऱ्यांसमवेत १९५९ साली डाऊन सिंड्रोमचे कारण, एक अधिकचे गुणसूत्र, जाहीर केले. त्या बालकांना बरे करावे ही त्यांची आस होती. पुढे त्याच ज्ञानाच्या आधारे अशी बालके गर्भातच हेरून नष्ट केली जाऊ लागली. लेज्यून आयुष्यभर त्याविरुद्ध बोलत राहिले. १९९४ साली पुनरुत्थान रविवारी ते ख्रिस्तवासी झाले. २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'आदरणीय' घोषित केले. ख्रिस्तसभा गर्भाच्या तपासणीला सरसकट विरोध करीत नाही. तपासणी बालकाच्या रक्षणासाठी वा उपचारासाठी असेल तर ती ग्राह्य आहे. त्याला मृत्यूची शिक्षा फर्मावण्यासाठी असेल तर नाही. पत्रिका तीच, परंतु ती हाती घेणारा वैद्य आहे की न्यायाधीश, यावर सारे अवलंबून आहे.

शेवटी हा प्रश्न रुग्णाचा आणि डॉक्टरचा न राहता आपल्या धर्मग्रामाचा होतो. त्या भगिनीने बोलावे असे आम्ही म्हणतो. पण तिने बोलल्यावर आपण कसे वागणार? जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, की पाप याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभूने दोन्ही नाकारले आणि त्याला दृष्टी दिली (योहान ९). आज आपण पापाऐवजी 'घराण्यातला दोष' म्हणतो, पण प्रश्न तोच विचारतो. हंटिंग्टनग्रस्त कुटुंबांना १८ मे २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये भेट दिली. लाजेपोटी लपून राहिलेली ती माणसे होती. यापुढे लपावे लागू नये, हाच त्या मेळाव्याचा हेतू होता.

असे एखादे घर आपल्याही गावात, आपल्याच आळीत असू शकेल. त्या घरातील मुलीची सोयरीक केवळ एका अहवालामुळे मोडली, तर पुढच्या घरातली स्त्री आपल्या बहिणीला काहीच सांगणार नाही, आणि त्या बहिणीच्या मृत्यूत आपलाही वाटा राहील. सत्य सांगण्याचे धैर्य व्यक्तीकडून मागण्याआधी ते ऐकून घेण्याचे औदार्य समाजाने दाखविले पाहिजे. विवाहपूर्व मार्गदर्शनात, महिलामंडळात, आजाऱ्यांच्या भेटीला जाताना या विषयावर मोकळेपणाने बोलण्यास आपण आरंभ करावा, अशी आमची विनंती आहे. वारशाने आलेल्या जमिनीसाठी आपण भावंडांना कोर्टात खेचतो. वारशाने आलेल्या धोक्याची खबर देण्यासाठी त्यांच्या दारापर्यंत चालत जाणे आपल्याला जड वाटू नये.